कंबर येऊ द्या

दोन्ही हात कमरेवर, मान मागे, डोळे मिटलेले. कुणाशीही बोलायच्या आधी मोठीमाय अशी उभी राहायची. हाक मारली की पहिलं वाक्य ठरलेलं, "थांब, कंबर येऊ दे." कंबर आली, म्हणजे सरळ झाली, की मग बोलणं, आणि मग मात्र समोरच्याची खैर नाही!

सख्खी मोठीमाय, म्हणजे थोरली काकू, नव्हे हो, आमच्या गावी करडीत शेजारी राहायची म्हणून मोठीमाय. धानाच्या रोवण्याला वीस-बावीस बाया मिळून जातात, त्या टोळीची ही म्होरकी. वाकून रोपं चिखलात रोवत सगळ्या ओळीनं मागे मागे सरकतात. कुणी जरा सरळ झाली की ही ओरडायची, "रोवा वो, रोवा! घरी जाऊन उभ्या राहा." कंबर येऊ देण्याची सवलत फक्त तिला स्वतःला. अशा म्होरक्या तुम्हीही पाहिल्या असतील, बँकेत असतात, शाळेत असतात.

मी तेव्हा नागपूरला नृत्यात एम.ए. करत होते. शेवटी स्वतः रचलेलं वीस मिनिटांचं नृत्य सादर करायचं असतं. माझा पहिला आराखडा मॅडमनी दोन मिनिटांत परत दिला. "छान आहे. पण हे मी दरवर्षी बघते. यात तुझं काय?" दुसराही गेला असता तर वर्ष वायाच, आणि बाबा तर गावभर सांगून बसलेले, पोरगी नाचाची मास्तरीण होऊन राहिली म्हणून.

मग मी रोवणा घेतला. सहा मैत्रिणींना करडीला आणलं आणि आमच्या अंगणात तालीम सुरू केली. वाकलो, रोवलं, पाऊल पुढे. वाकलो, रोवलं, पाऊल पुढे. चेहरे वर, ओठांवर हसू. मोठीमाय कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"थांबा, कंबर येऊ द्या," ती म्हणाली. वाकलेली नव्हती तरी! "काय करून राहिल्या वो तुमी?"

"रोवणा," मी म्हटलं.

"रोवणा? अन् रोवलेलं तुडवत कायले चालल्या? सारं धान मारलं तुमी!"

आता मला ठाऊक नव्हतं असं नाही. रोवणा मागे जातो हे करडीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण नृत्य प्रेक्षकांकडे यायला हवं आणि चेहरा दिसायला हवा, हे पाच वर्षं डोक्यात कोंबलेलं. तिला तसं सांगितलं, तर म्हणते, "रोवताना तोंड कोणाले दाखवतेत? चिखलाले?"

झालं! सगळी रचना मोडली. आता सुरुवात रंगमंचाच्या अगदी पुढच्या काठापासून, माना खाली, आणि मागे मागे. सात जणी न बघता मागे जायला लागलो की एकमेकींवर आदळायचो. मोठीमाय पोट धरधरून हसायची. हसून झालं की शिकवायची.

"मांगं पाहू नोका. बाजूवालीच्या हातावर ध्यान ठेवा. तिचा हात चालला का आपला पाय चालते."

खरंच चालायला लागला. शेवट मात्र सुचत नव्हता. एका सकाळी ती कुंपणाशी कंबर येऊ देत उभी होती, तिच्याकडे बघता बघता तोही सापडला. सात जणी मागच्या पडद्याशी पोचतात आणि वीस मिनिटांत पहिल्यांदाच सरळ होतात. हात कमरेवर, मान मागे, डोळे मिटलेले.

"तू यायचंच बघायला," मी म्हटलं.

"येतो ना. मी कधी रोवणा पाह्यलाच नाई."

"काहीतरीच! जन्म गेला तुझा रोवण्यात."

"वाकलेल्या माणसाले काय दिसते वो? आपले हात अन् चिखल."

परीक्षा लांबत लांबत नेमकी रोवण्याच्या दिवसांत आली. आदल्या दिवशी तिचा फोन. "बांधीत पाणी उभं झालं, पोरी. रोपं वाट नाई पाहत." धानाचं खाचर भरलं की रोवणा थांबत नाही, हे मलाही ठाऊक, तरी रडूच आलं. जिच्यामुळे नाच उभा राहिला तीच नाही!

नाचलो. मॅडम जवळजवळ पूर्ण वेळ मान खाली घालून लिहीत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "चेहरा एकदाच दाखवलास, तोही शेवटी." मी मनात म्हटलं, गेलं वर्ष. "बरं केलंस," त्या म्हणाल्या.

पास झाले! पुढच्या रविवारी मैत्रिणींना घेऊन पुन्हा करडी गाठली. संध्याकाळी काम आटोपून मोठीमाय आली, पायांना चिखल तसाच. तिला अंगणात खुर्ची दिली आणि एकटीसाठी पूर्ण नाच केला. ती मध्ये ओरडली नाही, हसली नाही. आम्ही सरळ झालो आणि कौतुकाची वाट बघत राहिलो.

"एवढ्या वाकतो का वो आमी?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. ती उठली आणि घरी निघून गेली. आवडला नाही वाटतं नाच, असं वाटून मी खट्टू झाले.

दुसऱ्या दिवशी स्कूटीनं भंडाऱ्याला निघाले, तर रस्त्याकडेच्या बांधीत हिचीच टोळी. ओळ मागे सरकत बांधाला टेकली आणि मोठीमायचा आवाज आला, "उभ्या व्हा वो साऱ्या! कंबर येऊ द्या!" वीस-बावीस बाया चिखलात सरळ झाल्या. शेतमालक छत्रीखालून ओरडला, "काहून थांबल्या?"

"कंबर येऊन राहिली," मोठीमाय म्हणाली. "सगळ्यांची."

मोठीमायला जाऊन दोन वर्षं झाली. मी आता भंडाऱ्यात नाच शिकवते. माझ्या मुली मागे जाताना आदळतात, मग मी बाजूवालीच्या हाताचं सांगते. परवा करडीला जाताना पुन्हा ती टोळी दिसली. मी स्कूटी थांबवली. ओळ बांधाला टेकली, आणि सगळ्या एकदम सरळ झाल्या. हात कमरेवर, मान मागे, डोळे मिटलेले.

आवाज कुणीच दिला नव्हता.