दूध संस्थेतला बीप

त्या दुष्काळात जनावरं छावणीला गेली आणि आमच्या दूध संस्थेतला कॉम्प्युटर रिकामा पडला. मीही. मग तो टीव्हीच्या रिमोटवर चालवायचा उद्योग काढला. बीडहून रिमोटचा सेन्सर आणला, तीन तारांना कथलाचा डाग दिला. कॉम्प्युटरच्या मागून बारा व्होल्ट येत होते, सेन्सरला पाचच सोसतात. मध्ये रेग्युलेटर घातला. हौस? कशाची हौस. वेळ जात होता.

बटण दाबलं. बीप वाजला. दूध मोजून झालं की पुढच्याला बोलावणारा, तोच.

गोठा रिकामा झाल्यापासून वडील संस्थेच्या पायरीवर येऊन बसायचे. ते उठले. ‘‘आलो, आलो,’’ म्हणत किटली धरल्यासारखा हात पुढं करून आत आले. हाताकडं बघितलं. परत जाऊन बसले.

जोडणी बरोबर होती.