मथळ्यातून काढलेला उंदीर

चष्मा कपाळावर सरकवायचा, हात पदराला पुसायचे आणि विचारायचं, "कशावर केलं?" खांदेश्वरच्या माझ्या घरमालकिणीला विज्ञानाची कुठलीही बातमी सांगा, तिचा पहिला प्रश्न हाच.

मी एका मराठी संकेतस्थळासाठी विज्ञानाच्या बातम्या लिहिते. पत्रकं वाचत आणि वाटत वाढलेली मुलगी. छापलेल्या शब्दाने माणूस हलतो, ही माझी श्रद्धा. मावशी खालच्या मजल्यावर तांदूळ निवडत बसायची आणि मी दारात उभी राहून वाचून दाखवायचे.

"पाच मिनिटांत चार्ज होणारी बॅटरी, मावशी."

"कितींदा करून बगितली?"

"एक्स-रे बघून आजार ओळखणारं एआय."

"कोनाचे फोटो दाखवले त्याला? आपल्याकडच्यांचे, का गोऱ्यांचेच?"

मला राग यायचा. तुमच्याही सोसायटीत असं एखादं माणूस असेल. त्याला आपण खडूस म्हणतो आणि जिना चढतो.

पण तिला विचारायचा हक्क होता. सासरची जमीन प्रकल्पात गेली, त्या बदल्यात तिला एका प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. काम उंदरांचं. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, रोज वजन करून वहीत लिहायचं. निवृत्त होईपर्यंत तिनं गजरा माळला नाही, वासाचा साबण वापरला नाही. हळदीकुंकवाला कोणी अत्तर लावायला आलं की हात मागे घ्यायची. बायकांना वाटे, काय तोरा! "वास बदलला का उंदीर घाबरतो," ती मला म्हणाली, "मंग आकडा बिघडतो." आणि थोड्या वेळानं, "लय उंदीर बरे झालेले बगितले मी. मानसं तिथंच हायेत."

मग ती बातमी आली. इन्सुलिन सुईऐवजी गोळीतून देण्याचा प्रयोग. उंदरांवर जमला, माणसांवर अजून नाही. उंदीर मी मथळ्यातच घातला होता. संपादकांनी तो काढला. म्हणाले, "मथळ्यात उंदीर दिसला की वाचक थांबत नाही." उरलं ते एवढं: 'इन्सुलिनच्या सुईपासून सुटका'. माणसांवर चाचणी झालेली नाही, हे वाक्य पार तळाला, जाहिरातीच्या खाली.

माहेरी, सारसोळ्यात राहणाऱ्या मावशीच्या धाकट्या भावानं मथळा वाचला आणि सुई बंद केली. गोळी येतेच आहे, तोवर कशाला टोचून घ्या? आठवड्याभरात त्याला आयसीयूत न्यावं लागलं. वाचला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त मोबाइल माझ्यासमोर धरला. "हितं उंदीर कुटं हाय?"

"संपादकांनी काढला, मावशी. मी उद्याच राजीनामा देते."

"तुजा राजीनामा कोन वाचनार? दुरुस्ती छाप. एवड्याच मोठ्या अक्षरांत."

मी मागितली. लेखी मागितली, तीनदा. उत्तर आलं, "जुनी झाली आता ती बातमी." हे वाक्य मी अजून गिळू शकलेले नाही. माणूस आयसीयूत पोचेपर्यंत बातमी ताजी असते आणि चूक सांगायला गेलं की जुनी होते!

शेवटी मीच पत्रक काढलं. ती त्याचा गठ्ठा घेऊन माहेरी दारोदार फिरली, मासळी बाजारात कोळणींच्या पाट्यांमध्ये बसून वाचून दाखवलं. भावाला म्हणाली, "मला दाखवल्याबिगर टोचायची नाय." तेव्हापासून रोज सकाळी व्हिडिओ कॉल. तो सदरा वर करायचा, ही चष्मा लावून बघायची. अंथरुणाला खिळली तेव्हाही हा कॉल चुकला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात ती गेली. दुरुस्ती छापून आलेली नाही. बातमी तशीच आहे, मथळ्यासकट, आणि अधूनमधून नव्यासारखी फिरते. नोकरी मी सोडलेली नाही. आत राहून भांडता येतं, असं स्वतःला सांगते. दर वेळी पटतंच असं नाही.

परवा तिच्या भावाचा फोन आला. "ती गोलीची बातमी परत आली गं माज्याकडं. आता खरंच निघाली म्हनतात. आक्का तर नाय. विचारू कोनाला?"

"मला विचारा ना, मामा. सुई अजिबात बंद करू नका."



"पन ते तूच लिवलं व्हतंस ना?"