घोडी जिंकली ते साल

अप्पामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला, माझ्या शाळेत होते. मधली सुट्टी संपत आली होती. फोनवर मामाचा मुलगा बसू होता. म्हणाला, "ताई, अप्पा गेले. सकाळी पेपर वाचता वाचता." मी विचारलं, कोणतं पान? "खेळाचंच," म्हणाला. रडू यायच्या आधी मला हसू आलं... संक्रांत नुकतीच झाली होती, मुंबईची डर्बी, म्हणजे फेब्रुवारीतली घोड्यांची मोठी शर्यत, तोंडावर होती, आणि त्या दिवसांत आमच्या मामाला पेपरात दुसरं पान दिसतच नसे.

उदगीरला मामाचं दोर-दाव्यांचं दुकान. कासरे, घुंगरमाळा, बैलांच्या गळ्यातल्या घंटा. घोड्याचं गिऱ्हाईक वर्षातून एखादं, तेही वरातीचं. तरी माणूस आयुष्यभर घोड्यांच्या शर्यतीवर बोलला. गावातले लोक म्हणायचे, अप्पा सट्टा खेळतो. मामानं एक रुपयाही कधी लावला नाही. त्याचं वेड वेगळंच होतं. तरुणपणी तो काथ्याचा माल बघायला मुंबईला गेला आणि ओळखीच्या एका माणसानं त्याला डर्बी दाखवायला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर नेलं. मामाला वाटलं, आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्त्यांसारखं दिवसभर चालत असेल. घोडे सुटले तसा तो आरामात मागं वळला, शेंगावाल्याशी बोलला, पुडा घेतला, आणि पुढं बघतो तर लोक टोप्या उडवून राहिलेले. दीड मैलाची शर्यत, अडीच मिनिटांत खलास. मामाला दिसल्या त्या शेपट्या.

त्या चुकलेल्या अडीच मिनिटांपायी त्यानं शर्यतीचा सगळा इतिहास तोंडपाठ केला. इंग्रजांच्या काळात ती सुरू झाली, आणि अगदी पहिलीच डर्बी एका घोडीनं सगळ्या घोड्यांना मागं टाकून जिंकली, हे तो जणू आपल्या आत्यानं जिंकल्यासारखं सांगायचा. घरातल्या गोष्टींची सालंही तो तशीच लावायचा. विहिरीला पाणी लागलं ते साल कोणतं, तर कपाळावर पांढरा टिळा असलेला घोडा जिंकला ते. माझा जन्म, घोडी जिंकली ते साल.

मी पहिलटकरणीचं लेकरू, म्हणून आजोळी, उदगीरला झाले, डर्बीच्या रविवारी. दुसऱ्या दिवशी पेपर हातात घेऊन मामा बाळंतिणीच्या खोलीच्या दारात आला आणि म्हणाला, "अक्का, घोडी जिंकली!" आईला वाटलं, हा माझ्या लेकीलाच घोडी म्हणतोय. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

रेणापूरकडच्या आमच्या गावात शाळेत नाव घालताना गुरुजींनी माझी जन्मतारीख एक जून लावली. सगळ्यांचीच लावायचे. माझी, माझ्या दोन्ही भावांची, शेजारच्या घरातल्या पाचही पोरांची. बरं, साल लावलं तेही आदलं, म्हणजे पोरगी लवकर पहिलीत बसेल. हे कळलं तेव्हा मामा खूश झाला. शर्यतीच्या घोड्यांचं असंच असतं म्हणे, कधीही जन्मू दे, कागदावर सगळ्यांचा वाढदिवस एक जानेवारी. "म्हणजे आपण समदे थोरब्रीड हाव की," तो म्हणाला. शब्द थरोब्रेड आहे, हे मी कॉलेजात गेल्यावर त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुझं बरोबर असंल माय, पण माझ्यात थोर हाय."

कॉलेजात गेल्यावर, असं मी सहज लिहिलं. ते सहज नव्हतं. बारावी झाली आणि जळकोटचं एक स्थळ चालून आलं. माणसं चांगली होती, वडलांनी मनात होकार देऊन टाकला होता. एक जूनला मी कागदावर अठराची झाले. वडील ओसरीवर मामाला म्हणाले, "घोडी झाली पोरगी. कायद्यानंबी बसती. आता कशाला थांबायचं?" मी आत, दाराआड, लातूरच्या कॉलेजचा विचार करत उभी. मामानं चहाची बशी खाली ठेवली.

"घोडीच हाय, म्हणून तर सांगून राहिलो. दाजी, ही अठरा गुरुजींची हाय. खरी सतराचीच हाय. माझ्या घरी झाली, डर्बीच्या दिवशी, मला इचारा."

"आठ महिन्यांनी काय फरक पडतो?"

"फेब्रुवारीपोत थांबा. तवर हिला लातूरला कॉलेजात घाला." मग हळू आवाजात म्हणाला, "डर्बी घोड्याला जन्मात एकदाच पळता येती, दाजी. चवथ्या वर्षी. पुढच्या साली लई जोर आला तरी कुणी घेत न्हाई. मी शेंगा घ्यायला मागं वळलो अन् माझी डर्बी गेली. तुम्ही वळू नका."

वडील सुपारी कातरायला लागले. त्यांना डर्बी काही कळली नसावी. पण मेव्हण्यानं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं... म्हणाले, "बघू फेब्रुवारीत." जळकोटची माणसं थांबली नाहीत. फेब्रुवारी आला तेव्हा वडील एसटी स्टँडवर भेटेल त्याला सांगत होते, आमची पोरगी लातूरला शिकती. लग्नाची गोष्ट कुणी काढली नाही, कारण ती काढायला ते स्वतःच विसरले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. हे मी सगळीकडं सांगते, इथंही सांगितलं. निकाल लागला तेव्हा मामानं दुकानातली सगळ्यात मोठी घुंगरमाळ आणून माझ्या गळ्यात घातली. बैलाची होती, जडच्या जड. तशीच गल्लीभर फिरवली.

माझी खरी तारीख कुणी लिहून ठेवलेली नाही. म्हणून माझा वाढदिवस डर्बीच्या रविवारी. मामा सकाळीच फोन करायचा, "थोरब्रीड, जागी झालीस का?" आणि संध्याकाळी त्याच्या दुकानात शर्यत, जमेल तेव्हा मीही जायचे. आधी दुसऱ्या दिवशीच्या पेपरावर भागायचं, अलीकडं बसूच्या मोबाइलवर दिसायची. नियम एकच. घोडे सुटायच्या आधी शेंगा मध्ये ओतलेल्या पाहिजेत. नंतर कुणी उठायचं नाही, मागं बघायचं नाही. गिऱ्हाईक आलं तर त्यालाही मामा हातानं खाली बसवायचा.

यंदा त्या रविवारी मी फोनची वाट बघितली नाही, सकाळच्या एसटीनं पुन्हा उदगीर गाठलं. दुकानात मामाचे दोन जुने सोबती येऊन बसले होते. मामाचा स्टूल जागच्या जागी होता, कुणी त्यावर बसलं नव्हतं. बसूनं मोबाइल घंटांच्या राशीला टेकवून ठेवला. घोडे फाटकात शिरायला लागले आणि त्याच वेळी एक शेतकरी आला, कासरा मागायला लागला. बसू उठायच्या बेतात होता. मी त्या माणसाला म्हटलं, "मामा, बसा अडीच मिनिटं. मागं बघू नका." तो बसला, बिचारा, मामाच्या स्टुलावरच. मी शेंगांचा कागद त्याच्या पुढं सरकवला.