पापडातलं मार्जिन

आमच्या गल्लीत सध्या मांजर दूध पिऊन गेलं तरी बाया म्हणतात, ‘मार्जिन काढलं मेल्यानं.’ दूधवाल्यानं पाणी घातलं, तेही मार्जिन. सुनेनं माहेराहून आलेल्या लाडवांतले थोडे आपल्या खोलीत दडवले, तेही मार्जिन. हा शब्द इकडे मध्य प्रदेशात, आमच्या बालाघाटात आधी नव्हता असं नाही; वारासिवनीच्या राईस मिलवाल्यांच्या तोंडी असायचाच. पण आमच्या गल्लीत तो माझ्या नातवानं आणला, तोही माझ्या अंगणातून, आणि त्यापायी मी वैतागून गेले आहे.

नातू नागपुरात धंद्याचं शिक्षण घेऊन आला. नोकरी करायची नाही म्हणे, ‘फाउंडर’ व्हायचं. कशाचा? तर माझ्या उडदाच्या पापडांचा. आता हे पापड मी करते म्हणजे खरं तर गल्ली करते. आमच्याकडे रीत अशी, की उन्हाळ्यात ज्या घरी पापड असतील तिथे सगळ्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं काखोटीला मारून जातात. घरवालीनं चहा द्यायचा, कच्च्या पिठाच्या लाट्या तेलात बुडवून खाऊ घालायच्या. बाकी देणंघेणं नाही. तुझ्याकडे मी आले, माझ्याकडे तू ये.

यंदा माझ्या पाळीला पठ्ठ्या मोबाइल कानाला लावून अंगणात उभा. कुणा मित्राला मोठमोठ्यानं सांगत होता, “भाई, लेबर कॉस्ट ज़ीरो! पूरा मार्जिन अपना!”

सगळी लाटणी एकदम थांबली.

शेजारची वहिनी माझ्याच वयाची. सासवांच्या काळापासून आम्ही भिंतीला भिंत लावून राहतो. ती म्हणाली, “काय म्हणून राह्यला वो तुमचा शेठ? आपण फुकटातले मजूर का?”

“नाही वो, पोरगं हाये.”

“हौ, पोरगंच हाये. पन आजीवर गेलं.”

बाया खदखदून हसल्या. हसणारच. मी नवी नवरी असताना गल्लीतला पहिला फ्रिज आमच्याकडे आला. ह्यांची सरकारी नोकरी, खायला-प्यायला कमी नाही. तरी ह्या शहाणीनं बर्फ विकायला काढला. कुणाकडे पाहुणा आला की बाया वाटी घेऊन येत, आणि मी आधी पैसे घेऊन मग ट्रे पालथा करी. कमरेला किल्ल्या खोचून अशी मिरवायची, की जणू मलाजखंडची तांब्याची खाण माझ्या फ्रिजातच निघाली! मी दारात दिसले की बाया एकमेकींना म्हणत, ‘बोलू नोको, मीटर चालू हाये.’ मला ‘बर्फवाली शेठाणी’ म्हणत, आणि ते बावळट ध्यान त्याला मान समजे.

तर असल्या आजीनं नातवाला कोणत्या तोंडानं रागवायचं? तरी रागावले. “जा, सगळ्यांची माफी माग.”

“आजी, माफी क्यों? पेमेंट कर देता हूँ न. पर पीस रेट!”

आणि खरंच पापडामागे पैसे मोजून दारोदार पाकिटं वाटून आला! वहिनीनं तिचं पाकीट भिंतीवरून आमच्या तुळशीत फेकलं.

तिच्याकडे पापड दोन दिवसांनी होते. दरवर्षी आदल्या संध्याकाळी ती भिंतीवरून ओरडते, ‘उद्या लवकर या वो.’ यंदा मी उगीच अंगणात तीनदा झाडू मारला. हाक आली नाही. पापड गेले चुलीत. पण या वयात भांडायला, रुसायला दुसरी बाई कुठून आणू? सून मोबाइलात, नातू पाकिटात.

सकाळी पलीकडून हसण्याचे आवाज आले. पोळपाट-लाटणं घेतलं आणि बोलावणं नसताना गेले. कुणी सरकून जागा दिली नाही.

“काय रेट लावसान वो शेठाणी?” वहिनीनं मान वर न करता विचारलं.

“चहा अन् लाट्या.”

“चहा संपला.”

“मंग लाट्याच.”

“अन् पोराले काहून नाही आनलं? हिशोब कोन ठेवन?”

“त्याले गिरणीत धाडलं, गव्हाचा डबा डोक्यावर देऊन. फुकटात.”

एकीनं फसकन हसून पदर तोंडाला लावला. वहिनी हसली नाही. तिनं पिठाचा गोळा आणि बत्ता माझ्यापुढे ढकलला. “लाटाले बाया लय हायेत. कुटाले कोनी नाही.”

उडदाचं घट्ट पीठ कुटणं हे तरण्या सुनांचं काम. मी पदर खोचला. थोड्याच वेळात खांदे बोंबलायला लागले, पण हात थांबला की वहिनी नुसती गोळ्याकडे बघे, म्हणून मी पुन्हा सुरू. माझे हात पिठानं माखलेले. शेवटी तिनंच एक लाटी तेलात बुडवून माझ्या तोंडात कोंबली.

“मीठ कमी हाये,” मी म्हणाले.

“कुटा मुकाट्यानं,” ती म्हणाली.