डोळ्यांतलं औषध

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी छायाचित्र विभाग सांभाळत होते, तेव्हा पुण्यात ज्याला त्याला संगणकाची लागण झाली होती. आमच्याकडेही संगणक आले, स्कॅनर आला आणि दारावरची 'छायाचित्र विभाग' ही साधी पाटी जाऊन 'इमेज रिसोर्स सेंटर' अशी चकचकीत पाटी लागली. आतली धूळ तीच राहिली. त्याच उत्साहात आमच्या ग्रंथपालांनी दर शनिवारी छायाचित्रकलेवर व्याख्यानं सुरू केली.

त्या व्याख्यानांचा मला लवकरच वीट आला. महागडी बॅग खांद्याला लावून कुणीतरी यायचं आणि पडद्यावर गरिबांची रांग लावायचं. भेगाळलेल्या टाचा, सुरकुत्या, उघडी पोरं. श्रोते कुजबुजायचे, "काय लाइट पकडलाय!" मग दिवे लागायचे आणि तीच मंडळी वेफर्सवर तुटून पडायची.

अशाच एका शनिवारचा विषय होता, बदलतं पुणे. वक्त्यानं एक स्लाइड लावली. मागे बांधकामाच्या परांच्या, पुढे दगडावर बसलेली म्हातारी, दोन्ही गालांवर पाण्याच्या धारा. खाली शीर्षक, 'गमावलेली जमीन'. त्यानं आवाज खाली आणला. "ही माउली माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती." म्हणजे गृहस्थानं तिला काही विचारलंच नव्हतं. सभागृहात मात्र उसासे पडले.

माझ्या शेजारी आमच्या विभागातली सहकारी बसली होती. प्रत्येक चित्राची माहिती संगणकात भरण्याचं काम तिचं. ती पुण्याजवळच्या मांजरी गावची. पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "ही माझी आई आहे."

बाहेर आल्यावर तिनं सांगितलं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांत औषध घालून ती तपासणीला जायला बसची वाट बघत बसली होती, आणि त्या औषधानं डोळ्यांतून पाणी येत होतं. राहिली जमीन. ती त्यांच्या घराण्यात कधी नव्हतीच. आईनं जन्मभर दुसऱ्यांचा ऊस तोडला होता.

आम्ही दोघी वक्त्याकडे गेलो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "असेल. पण चित्रातलं दुःख तर खरं आहे ना?" असं म्हणून तो वेफर्सकडे वळला. ते चित्र त्यानं ग्रंथालयाला भेट दिलं आणि ग्रंथपालांनी ते मोठं करून प्रवेशद्वाराशी लावलं, शीर्षकासकट.

मांजरीच्या कुणा विद्यार्थ्यानं ते पाहिलं आणि गावात बातमी पोचली. मग एका सकाळी आई एकटीच बसनं आली. स्वतःच्या त्या भल्यामोठ्या चेहऱ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. लेकीला म्हणाली, "सायबाला भेटव."

"मी रडत नव्हते ओ," तिनं ग्रंथपालांना सांगितलं. "डोळ्यात औषध व्हतं. मालक गेले तवा बी मी लोकांम्होरं रडले न्हाय. पोरीला धरून हुबी ऱ्हायले. आन् तुमी मला भिताडावर रडकी करून ठिवलीया. फोटो ऱ्हाऊ द्या. पन खाली खरं लिवा."

"आजी, फोटो किती सुंदर आलाय! लोक भारावून जातात."

"लिवनार का?"

"समितीपुढे ठेवू." असं म्हणत साहेबांनी ग्रंथालयाचा कॅमेरा मागवला. आजींना त्या चित्राशेजारी उभं केलं आणि स्वतः पलीकडे उभे राहिले. "आजी, जरा हसा." ती हसली नाही. जबडा आवळून, डोळे कोरडे ठेवून, नुसती बघत राहिली.

तोही फोटो आमच्या संग्रहात गेला. त्याखालची ओळ साहेबांनी तोंडी सांगितली आणि लेकीला टाइप करायला बसवलं. 'आपले छायाचित्र पाहून भारावलेल्या आजी.'

"सर, ती चिडली होती."

"तेच ते हो. भावना महत्त्वाची."

तिनं टाइप केलं. नोकरी टिकवायची होती. मूळ चित्राचं शीर्षक तर बदललंच नाही. कलाकाराच्या हक्काला धक्का लावता येत नाही, असं समितीचं मत पडलं. म्हातारीच्या चेहऱ्यावर तिचा स्वतःचा काही हक्क असतो का, हा प्रश्न त्या शिकल्यासवरल्या टेबलाभोवती एकालाही पडला नाही. मला त्या माणसांची शिसारी आली. त्यांच्या हळुवार आवाजांची तर जास्तच.

समितीच्या निर्णयानंतर दुसऱ्या दिवशी आम्ही डबा खायला बसलो होतो. तिनं डबा उघडला आणि तसाच ठेवला.

"आईनं काल विचारलं, खरं लिवलं का म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"हो म्हणाले. तिला कुठे वाचता येतंय."

तिनं डब्याचं झाकण लावलं.

"इतकी खूश झाली. येत्या शनिवारी गल्लीतल्या बायकांना घेऊन येणार आहे, दाखवायला. त्यांतल्या एकीची सून शिकलेली आहे. आई म्हणाली, तिच्याकडनं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून घेते."