अध्यक्ष बाहेर बसले

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पाऊस पळाला होता. चाकूरजवळ आमच्या संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं, त्याची विहीर आटली. पाणी मिळालं नाही तर पोरी घरी जाणार आणि घरचे त्यांची लग्नं लावून मोकळे होणार. मंडळावर बिनशिकलेला मी एकटाच. बायको वारून महिना झाला होता. "मिटिंगला जाता अन् नुसता चहा पिऊन येता," असं ती मला टोचायची.

त्या दिवशी मिटिंगमध्ये संस्थेची बोअर अध्यक्षांच्या शेतात घ्यायचं चाललं होतं. सगळे होकाराच्या माना हलवत होते. मी म्हणालो, "मालक, शेत तुमचं हाय. उद्या तुमच्या घरच्यांनी फाटक लावलं तर पोरींनी काय प्यावं? हे ठरेपर्यंत तुम्ही बाहेर बसा."

 अध्यक्ष उठले आणि ओसरीवर जाऊन बसले. बोअर वसतिगृहाच्याच अंगणात घ्यायची ठरली.

मला वाटलं, आता जन्माचं वैर. पण निघताना त्यांनी माझा हात धरला. "लई बरं केलंत मामा. बोअर आपल्याच शेतात घे म्हणून भाऊ रोज मागं लागला होता. आता घरी सांगतो, मला बाहेरच बसवलं."

पुढं अंगणात पाणी लागलं, पोरी राहिल्या. मिटिंगच्या त्या संध्याकाळी मी रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणालो, "आज नुसता चहा न्हाई पिलो."