काळ्या भुकटीवरचं पाणी

"ओली हाय ना गो?" हे विचारल्याशिवाय काकांनी फिल्टरचं झाकण कधी उघडलं नाही.

मुरबाडच्या एका छोट्या औषधांच्या कारखान्यात मी नुकतीच केमिस्ट म्हणून लागले होते, प्रोबेशनवर. काका टोकावड्याचे, कंत्राटावरचे ऑपरेटर. असा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. हुद्दा सगळ्यात खालचा, पण काम अडलं की साहेबसुद्धा त्याच्याच तोंडाकडे बघणार.

आमचं सगळं एका काळ्या भुकटीवर चालायचं. कोळशावर बसवलेलं पॅलेडियम. हायड्रोजनच्या अणूंची जोडी सहजी सुटत नाही, पण या धातूला टेकली की अलगद सुटते आणि दुसऱ्या रेणूला जाऊन बिलगते. धातू मात्र होता तसाच राहतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. काकांचं म्हणणं वेगळं. "लग्नात धवळे गाणारी धवलारीण असते ना आमच्यात? लगीन लावते न् आपल्या घरी जाते. ही तशीच. फकस्त तिला तहानेली ठेवायची नाय."

कारण भुकटी सुकली आणि वारा लागला की पेटते. गाळून झालं की खालून सगळं ओढून घेणारा व्हॅक्युम बंद करायचा आणि वरून पाणी सोडायचं, हे माझं काम. पाणी झिरपायचं, काका काहीतरी गुणगुणायचे, आणि मी उभ्या उभ्या कुठल्या कुठे जायची. "झोपली बघ आमची मॅडम!" म्हणून ते हसायचे.

त्या सकाळी माळशेजकडच्या डोंगरांवरून धुकं इतकं सावकाश उतरत होतं की मी खिडकीशी बघतच राहिले. किती वेळ, कोण जाणे. मागून काकांनी विचारलं, "ओली हाय ना गो?"

"हो," मी म्हटलं. वळूनही पाहिलं नाही.

व्हॅक्युम चालूच होता, भुकटी पार सुकली होती. माझ्या शब्दावर त्यांनी झाकण उचललं आणि भक्कन जाळ झाला. मला कोपराने मागे ढकलून त्यांनी पाण्याची बादली ओतली. आग विझली, पण त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला होता. साहेब धावत आले. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "व्हॅक्युम माझ्याकडनं चालू राह्यला, साहेब."

आठवड्याभरात त्यांचं काम बंद झालं. मी गप्प बसले. भित्री होते, दुसरं काही नाही.

महिन्याने एसटीने टोकावड्याला गेले. ओटीवर बसून काका डाव्या हाताने चहा पीत होते. मी म्हटलं, "काका, उद्या साहेबांना खरं सांगते."

त्यांना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "तुला काढतील. मंग माझा हात काय फुकट भाजला? गप कामावर जा."

मला रडू फुटलं. त्यांनी आत हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला.

तीन वर्षं झाली. काकांना कोणी परत बोलावलं नाही. मी कायम झाले. साहेबांच्या केबिनवरून रोज जाते. दार उघडंच असतं.